पळणे दर वेळी तिसऱ्या आठवड्यात सुटते, त्याची कारणे आणि उपाय

दिवाळीनंतर नवे बूट घ्यायचे, पहिला आठवडा भल्या पहाटे उठून बडोद्यातली कमाटीबाग ही मोठी बाग गाठायची, दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस गाळायचे आणि तिसऱ्या आठवड्यात बूट मांडणीच्या मागच्या कोपऱ्यात सरकवून ठेवायचे, असे माझ्या बाबतीत सहा वर्षांत चार वेळा घडले. पाचव्या खेपेला ते घडले नाही, आणि आता दोन वर्षांहून अधिक काळ मी आठवड्यातून तीन सकाळी पळत आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारात आणि नात्यागोत्यात "मला पळणे मुळातच आवडत नाही, पण काहीतरी करायला तर हवे, काय करू?" असे मला इतक्या जणींनी विचारले आहे की एकदा सगळे नीट लिहून काढावे असे वाटले. मी डॉक्टर नाही आणि प्रशिक्षकही नाही. पण या एका दुखण्याचा मी चार वेळा अनुभव घेतला आहे आणि त्याविषयी मिळेल ते वाचले आहे.

चारही वेळा मी स्वतःला एकच कारण सांगितले होते, ते म्हणजे आपल्यात चिकाटी नाही. निदान चुकले होते, म्हणून उपायही चुकत होता. पुढच्या वेळी मी अधिक निर्धाराने, म्हणजे प्रत्यक्षात अधिक जोरात, पळायला लागत असे. "आवडत नाही" या दोन शब्दांच्या पोटात निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. कुणाला धाप नकोशी वाटते, कुणाची नडगी दुखते, कुणाला कंटाळा येतो, तर कुणाला लोक पाहतात याचा संकोच वाटतो. आपली तक्रार नेमकी कोणती हे शोधायचे असेल तर मागच्या वेळी पळणे ज्या दिवशी सुटले त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस आठवून पाहावेत, कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते.

दोन मिनिटांतच नकोसे होते

ही तक्रार सर्वांत अधिक आढळते आणि तिचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते, ते म्हणजे वेग. आपल्यापैकी बहुतेकांनी पळणे शाळेत शिकलेले असते, आणि शाळेत पळणे दोनच प्रकारचे होते: शंभर मीटरची शर्यत किंवा उशीर झाल्याबद्दल मैदानाला पाच फेऱ्या. एकात जीव तोडून धावायचे आणि दुसऱ्यात शिक्षा भोगायची. माझ्या शाळेत फेऱ्या मारताना जी मुलगी मागे पडे तिला आणखी एक फेरी मिळत असे, आणि अनेकदा ती मुलगी मीच असे. सावकाश, गप्पा मारत, कुणाशीही स्पर्धा न करता पळता येते हे आम्हाला कुणी कधी दाखवलेच नाही. त्यामुळे चाळिशीत पुन्हा बूट बांधले तरी पाय आपोआप शर्यतीचाच वेग पकडतात.

शरीराच्या बाजूने पाहिले तर प्रत्येकाची श्वासाची एक मर्यादा असते. तिच्या आत पळत असताना बोलता येते, स्नायूंना हवा तेवढा प्राणवायू मिळतो आणि मनही शांत असते. ती ओलांडली की श्वास एकदम जलद होतो, पाय भरून येतात आणि जवळजवळ प्रत्येकाला, मग तो कितीही उत्साही असो, वाईट वाटू लागते. ही नावड स्वभावातली नसून त्या मर्यादेपलीकडे गेल्याची शरीराने दिलेली सूचना आहे. नवशिक्याची मर्यादा इतकी खाली असते की साधे हळू पळणेही तिच्या वर जाते, आणि म्हणून त्याला वाटते की पळणेच वाईट आहे.

ही मर्यादा ओळखण्यासाठी घड्याळ किंवा यंत्र लागत नाही. पाचव्या खेपेच्या पहिल्या दिवशी माझ्या थोरल्या नणंदेने जी युक्ती केली ती मी आजही वापरते. फाटकातून आत शिरून शंभर पावले होतात न होतात तोच त्या म्हणाल्या, "अगं, तेराचा पाढा म्हण बघू." मी "तेरा त्रिक एकोणचाळीस" पर्यंत आले आणि पुढचा शब्द दमात अडकला. "मग हळू हो," त्या म्हणाल्या, "बावन्न आणि पासष्ट एका दमात आले पाहिजेत." मी म्हटले, "वन्सं, याहून हळू म्हणजे चालणेच झाले." "मग चाल. पाढा आधी पुरा कर आणि पुन्हा पळ." त्या दिवशी वीस मिनिटांत मी सगळे मिळून जेमतेम सहा मिनिटे पळाले असेन, पण घरी परतताना प्रथमच मला परवा पुन्हा यावेसे वाटले. पाढे येत नसतील तर मोठ्याने एखादे लांब वाक्य बोलावे. वाक्य तुटले तर वेग जास्त आहे, आणि गाणे सहज गाता आले तर थोडा वाढवायला हरकत नाही.

ज्यांना हा वेग लाजिरवाणा वाटतो त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. जपानमधील फुकुओका विद्यापीठातील प्राध्यापक हिरोआकी तानाका यांनी संथ पळण्याचा आयुष्यभर अभ्यास आणि प्रसार केला, आणि त्यांनी सुचवलेल्या वेगाचे जपानी नाव 'निको निको' असे आहे, म्हणजे चेहऱ्यावर हसू टिकून राहील असा वेग. दुसरी गोष्ट न्यूझीलंडची आहे. तिथले प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांच्या प्रेरणेने १९६२ मध्ये ऑकलंडला मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांचे संथ पळण्याचे मंडळ सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील नामवंत प्रशिक्षक बिल बोवरमन तिथे पाहुणे म्हणून गेले आणि त्यांच्याबरोबर पळू लागले, तेव्हा पन्नाशीच्या या प्रशिक्षकाला सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी मागे टाकले. ते गृहस्थ हृदयविकारातून उठलेले होते. बोवरमन यांनी मायदेशी परतल्यावर सामान्य माणसांसाठी हेच संथ पळणे सुरू केले.

प्रत्यक्ष आराखडा हवा असेल तर १९९६ मध्ये जॉश क्लार्क यांनी तयार केलेला नऊ आठवड्यांचा 'काउच टू फाइव्ह के' हा क्रम चांगला आहे. त्यात आठवड्यातून तीन दिवस बाहेर पडायचे असते, आणि पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालल्यावर ६० सेकंद पळणे व ९० सेकंद चालणे असे वीस मिनिटे करायचे असते. मात्र नऊ आठवडे हे वचन समजू नये. मी दुसऱ्या आठवड्याच्या पायरीवर चार आठवडे काढले, कारण पुढच्या पायरीवर माझा पाढा तुटत होता, आणि त्या चार आठवड्यांचा मला आज जराही पश्चात्ताप नाही. साठ सेकंदही जड जात असतील तर तीसच सेकंद पळावे.

बडोद्याच्या वाचकांना तर याचा पुरावा घरातच मिळेल. ज्या बाई म्हणतात की मला पाच मिनिटे पळवत नाही, त्याच बाई नवरात्रात रात्री तीन-तीन तास गरबा खेळतात. तिथे त्यांना दम कसा पुरतो? बडोद्याचा गरबा मोठ्या वर्तुळात, ठरावीक लयीत आणि बराचसा संथ चालतो. लय चढते तेव्हा चढायचे, उतरते तेव्हा श्वास घ्यायचा, दमले तर दोन फेऱ्या बाजूला उभे राहायचे, आणि त्याबद्दल कुणी नावे ठेवत नाही. सोबत मैत्रिणी असतात आणि कुणी किलोमीटर मोजत नाही. गरब्यातले हे सगळे पळण्यात आणता येते. मध्येच चालणे म्हणजे हरणे ही समजूत तेवढी सोडावी लागते.

लांब पळणाऱ्यांना शेवटी जो हलका आनंद जाणवतो, त्याचाही संबंध वेगाशी आहे. पूर्वी त्याचे श्रेय एंडॉर्फिन या द्रव्यांना दिले जाई, पण ती द्रव्ये रक्तातून मेंदूत सहज शिरत नाहीत, त्यामुळे आता संशोधकांचे लक्ष शरीरातच तयार होणाऱ्या दुसऱ्या एका द्रव्याकडे वळले आहे. १९९२ मध्ये जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत ते वेगळे काढणाऱ्यांनी त्याला संस्कृतातील 'आनंद' या शब्दावरून ॲनंडमाइड असे नाव दिले. मध्यम वेगाने पळाल्यावर रक्तातील त्याचे प्रमाण वाढलेले आढळते. अगदी संथ चालण्याने किंवा जीव तोडून धावण्याने तसे होताना दिसलेले नाही. मात्र हा आनंद पहिल्या महिन्यात मिळेल अशी आशा धरू नये. मला तो प्रथम जाणवला तेव्हा मी सलग अर्धा तास पळू लागले होते.

श्वास जमला, पण नडगी दुखू लागली

तिसऱ्या आठवड्याचे कोडे खरे तर इथे सुटते. हृदय आणि श्वास काही आठवड्यांतच सुधारतात, परंतु कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे चिवट पट्टे) आणि हाडे यांना नव्या भाराची सवय होण्यास महिने लागतात. पंधरा-वीस दिवसांनी धाप कमी लागू लागली की माणूस हुरळून अंतर वाढवतो, आणि नेमके तेव्हाच पाय मागे पडतात. माझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला पळणे यामुळेच सुटले, आणि मी मात्र दोन्ही वेळा त्याला आळस म्हटले होते.

नडगीच्या आतल्या कडेने वीतभर लांबीचा ठणका असेल, पळायला लागताच तो जाणवत असेल आणि विश्रांतीने शमत असेल, तर आठ-दहा दिवस फक्त चालावे, नंतर अंतर निम्मे करून सुरुवात करावी आणि पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम रोज करावा. परंतु हाडावर बोट ठेवून "इथेच" असे दाखवता येईल इतक्या लहान जागी दुखत असेल, किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असण्याची शक्यता असते, आणि मग पळणे त्याच दिवशी थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावे.

गुडघ्यांच्या तक्रारीत पाऊल लहान टाकण्याचा पुष्कळ उपयोग होतो. तीस सेकंदांत उजवा पाय किती वेळा जमिनीला लागतो ते मोजावे आणि वेग न वाढवता तो आकडा दोन-तीनने वाढवावा; पाऊल आपोआप शरीराच्या खाली पडू लागते आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. जमिनीचाही विचार करावा. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकपेक्षा डांबर बरे आणि त्याहून सपाट, टणक माती बरी, म्हणून मी वाटेच्या कडेची माती धरून पळते. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असे पाहावे. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळव्याचा लवचीकपणा जातो. आठवड्याला दहा किलोमीटर पळणाऱ्याला एक जोड वर्षभर सहज पुरतो, त्यामुळे खर्चाची फार भीती बाळगू नये.

एक तक्रार बायका कुणालाच सांगत नाहीत आणि गुपचूप पळणे सोडून देतात, म्हणून ती स्पष्ट लिहिते. बाळंतपणानंतर किंवा चाळिशीनंतर पळताना लघवीचे थेंब जाणे ही फार सर्रास आढळणारी गोष्ट आहे. तिच्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते फिजिओथेरपिस्ट किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ शिकवतात आणि त्यांचा उपयोग होतो. यात लाजण्यासारखे काहीही नाही. तसेच छातीला नीट आधार देणारी खास व्यायामाची ब्रा बुटांइतकीच आवश्यक आहे.

पोटात कळ आणि अंगाची लाही

बरगडीखाली कळ येत असेल तर पळण्यापूर्वीच्या दोन तासांत भरपेट खाऊ नये आणि गोड पेय घेऊ नये. कळ आलीच तर चालावे, त्या जागी हाताने दाबून किंचित पुढे वाकावे आणि ओठ आवळून लांब श्वास सोडावा.

ऋतूंची गोष्ट वेगळी आहे. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, त्यामुळे सूर्य वर येण्याआधीच घरी परतलेले बरे. पावसाळ्यात तापमान उतरते, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि एरवीच्याच वेगाला हृदयाचे ठोके अधिक पडतात. जुलैमध्ये तोच वेग जड वाटू लागला तर आपण बिघडलो असे समजू नये, पाढा म्हणून वेग उतरवावा. हिवाळ्यात अडचण उजेडाची असते, कारण जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो आणि सहाला निघणाऱ्याला अंधार व कुत्री या दोन्हींना तोंड द्यावे लागते. फिकट रंगाचे कपडे घालावेत आणि दोघींनी मिळून जावे. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, आधीचे दोन आठवडे मी रस्त्यावर पळतच नाही, कारण आडवा आलेला मांजा उजेडातही दिसत नाही आणि गळा कापू शकतो.

छातीत दडपण, डाव्या हातात कळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास तिथेच थांबून ताबडतोब डॉक्टर गाठावा. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी सुरुवात करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

दम पुरतो, पण कंटाळा येतो

इथे मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट अगदी साधी आहे: शेवट सोपा ठेवणे. कोणताही अनुभव आपण त्यातल्या टोकाच्या क्षणावरून आणि शेवटावरून लक्षात ठेवतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना व्यायामाच्या सायकलीवर दोन प्रकारे श्रम करायला लावले. एका गटाचे श्रम हळूहळू वाढत गेले आणि दुसऱ्याचे हळूहळू उतरत गेले. ज्यांचे उतरत गेले त्यांना तो व्यायाम नंतरही अधिक सुखाचा आठवला. आपण मात्र नेमके उलटे करतो, शेवटचे वळण दिसले की जोर लावतो आणि धापा टाकत घरी जातो. मी आता शेवटची पाच मिनिटे मुद्दाम हळू करते आणि बागेच्या फाटकाजवळच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यापर्यंत चालत येते.

उरलेला कंटाळा सोबतीने आणि वाटेने जातो. कमाटीबाग सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्री नदीच्या काठी उभारली आणि तिच्या आतल्या वाटा इतक्या फुटतात की रोज वेगळी धरता येते; एक दिवस संग्रहालयाच्या बाजूने, एक दिवस खेळगाडीच्या रुळांच्या कडेने. एकटे पळायचे असेल तर एखादी ऐकण्याची कथामालिका फक्त पळतानाच ऐकायची असे ठरवावे, म्हणजे पुढचा भाग ऐकण्यासाठी तरी पाय बाहेर निघतात. रस्त्यावर असाल तर एक कान मात्र मोकळा ठेवावा. घड्याळातले आकडे पहिले तीन महिने पाहूच नयेत असे माझे ठाम मत आहे. मी ते पाहत असे तेव्हा प्रत्येक सकाळ परीक्षेसारखी जात असे.

संकोचाविषयी एवढेच, की पहाटे बागेत आलेला जो तो आपल्या गुडघ्यांच्या आणि श्वासाच्या विवंचनेत असतो. मी पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेसवर पळाले आणि कुणी वळूनही पाहिले नाही.

एकदा खंड पडला की सुटतेच

खंड पडणारच, हे आधीच मान्य करावे. लग्नसराई येते, मुलांच्या परीक्षा येतात, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर विश्वामित्रीचे पाणी बागेत आणि शहराच्या बऱ्याच भागात शिरले तेव्हा आमचा क्रम कित्येक दिवस मोडला. पूर्वी अशा वेळी मी परतल्यावर जिथे सोडले तिथूनच सुरू करत असे, ते जमत नसे, आणि आपली सगळी मेहनत वाया गेली असे मानून बूट ठेवून देत असे. खरे पाहता एका आठवड्याच्या खंडाने फारसे काही जात नाही. दोन-तीन आठवडे गेले असतील तर दोन पायऱ्या मागे यावे, आणि महिना उलटला असेल तर पुन्हा ६० आणि ९० सेकंदांपासून सुरुवात करावी. दुसऱ्या खेपेला वर चढायला पहिल्यापेक्षा खूप कमी वेळ लागतो. बाहेर पडणे अशक्य असेल त्या दिवशी बूट घालून गल्लीत दहा मिनिटे चालून यावे, एवढ्यानेही क्रम टिकतो.

सगळे केले, तरीही आवडत नाही

बारा आठवडे पाढ्याच्या वेगाने, न दुखता, सोबतीने पळून पाहिले आणि तरीही मन घेत नसेल, तर ते मन खरे बोलत आहे असे समजावे आणि बिनदिक्कत दुसरा व्यायाम धरावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगते, आणि भरभर चालणे त्यात पूर्णपणे धरले जाते. पळणे हा वेळ वाचवणारा मार्ग आहे, कारण जोराच्या श्रमांची ७५ ते १५० मिनिटे पुरतात. पण तो एकमेव मार्ग नाही.

आमच्या वन्संनी नेमके हेच केले. चार महिने माझ्याबरोबर पळून झाल्यावर एका सकाळी त्या म्हणाल्या, "मला चालण्यातच सुख आहे गं, तू जा पुढे." आता फाटकातून आत शिरल्यावर त्या डावीकडून चालू लागतात आणि मी उजवीकडून पळते. फुलांच्या घड्याळापाशी आमची गाठ पडते, आणि तिथून घरापर्यंत आम्ही बरोबर चालत येतो.